रिपोर्टवर तेवीस ओळी आहेत, तरी जी०४८३ डिनाय का होतोय? (ओपिऑइड टेस्टिंग, मेडिकेअर म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा)

रातपाळी_खराडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पहाटेचे चार वाजलेत, कॅब मगरपट्ट्याच्या सिग्नलला उभी आहे आणि मी फोनवरून टाइप करतेय. शुद्धलेखनाला हसू नका.

मी मूळची कराडची, बी.फार्म. गेली तीन वर्षं पुण्यात अमेरिकन मेडिकल क्लेमचं एआर (अडकलेल्या बिलांचा पाठपुरावा) करते. आधी ऑर्थोपेडिकचा क्लायंट होता. तिथे गुडघा, खांदा आणि मॉडिफायर (कोडला जोडायची छोटी खूण) एवढंच जग होतं, सुखात होते. चार महिन्यांपूर्वी मला टॉक्सिकॉलॉजी लॅबवर टाकलं. पेन क्लिनिकमध्ये ज्यांना वर्षानुवर्षं हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं) चालू आहे, किंवा व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात जे ब्युप्रेनॉर्फिनवर आहेत, त्यांच्या लघवीचे नमुने या लॅबकडे येतात. दिलेली गोळी पेशंट घेतोय का, न दिलेलं काही घेतोय का, एवढंच डॉक्टरला बघायचं असतं.

आता दुखणं सांगते. प्रत्येक क्लेमवर दोन ओळी असतात. पहिली ८०३०७, म्हणजे मशीनवरची प्राथमिक तपासणी. ती व्यवस्थित पास होते. फी शेड्यूलचे ६२.१४ डॉलर, त्यातून सिक्वेस्ट्रेशनचे (सरकारी कपातीचे) दोन टक्के गेले की ६०.९० खात्यात. दुसरी ओळ जी०४८३, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरवरची पक्की तपासणी, २२ किंवा त्याहून जास्त. शेड्यूलवर २४६.९२ डॉलर. हिला शून्य. सीओ ५०, मेडिकली नेसेसरी नाही, आणि खाली रिमार्क एन ११५, म्हणजे एलसीडीच्या (मेडिकेअरच्या स्थानिक कव्हरेज नियमांच्या) आधारे निर्णय. एक नाही, दोन नाही, गेल्या दोन आठवड्यांत माझ्या बकेटमध्ये असे साठ क्लेम पडलेत.

काल कॉल लावला. बावन्न मिनिटं होल्डवर तीच बासरी ऐकली. शेवटी मेडिकेअरची प्रतिनिधी लाइनवर आली आणि गोड आवाजात म्हणाली, एलसीडी वाचा, अपीलचा हक्क आहे, आणखी काही मदत करू का? काय मदत करणार, कपाळ!

टीएल (टीम लीडर) म्हणतो, एवढा विचार कशाला करतेस. डीएक्स (निदानाचा कोड) झेड७९.८९१ आहे ना (ओपिऑइड वेदनाशामक दीर्घकाळ चालू), ते काढ, एफ११.२० टाक (ओपिऑइड डिपेंडन्स) आणि रीबिल कर. डिपेंडन्सवाल्यांना जास्त वेळा टेस्ट चालते, लगेच पास होईल. साठपैकी दहा करून बघ, पास झाले तर उरलेले टाकू.

माझं मन होत नाही. पण नाही का म्हणायचं ते नीट मांडता येत नाहीये, आणि त्याच्यासमोर ‘मन होत नाही’ असं बोलले तर क्वालिटी स्कोअरमध्ये काय लिहील ते मला माहीत आहे.

दुसरं, मला खरंच कळत नाहीये की चुकलंय कुठे. मी फार्मसीवाली आहे. एक रिपोर्ट घेऊन बसले आणि बोटाने मोजलं. मॉर्फिन, कोडीन, हायड्रोकोडोन, हायड्रोमॉर्फोन… तेवीस भरले. २२ किंवा जास्त म्हणजे ०४८३. बरोबर ना? मग बोंब कसली?

---

हिंजवडीचा_हमाल

ताई, आमच्या टीमला एकदा असंच आलं होतं. मॉडिफायर ५९ लावून रीबिल केलं, काही पास झाले. ९१ पण लावून बघ. नाहीतर जी कोडच काढ आणि ८०३६१, ८०३६५, ८०३५४ असे सुटे सुटे लाव, एकेका औषधाचा एकेक कोड. तेवीस ओळी, तेवीस पैसे.

आणि होल्डवरची ती बासरी मलाही स्वप्नात ऐकू येते.

---

खडूस_कोडर

हमालभाऊ, तुमची बासरी खरी आहे, बाकी सगळं चूक आहे. आधी तुमचं आटपतो, मग ताईंकडे वळतो.

५९ आणि ९१ इथे गैरलागू. ०४८० ते ०४८३ या चौघांपैकी एका पेशंटला एका दिवसात एकच कोड, तोही एकदाच. प्राथमिक तपासणीचंही तसंच, ८०३०५, ८०३०६, ८०३०७ यांतला एकच. दुसरा नगच नाही, तर वेगळं दाखवायला मॉडिफायर लावणार कशाला? आणि ८०३२० ते ८०३७७ ही सुटी रांग मेडिकेअर घेत नाही. काही खासगी विमा कंपन्या घेतात, ते वेगळं. मेडिकेअरने २०१६ च्या जानेवारीपासून हे जी कोड आणले ते मुळात याच सुट्या बिलांच्या माळा बंद करायला.

आता रातपाळी ताई. तुम्ही तेवीस मोजलेत ते बरोबर मोजलेत, पण भलतंच मोजलंत. कोडचं वर्णन पुन्हा उघडा. तिथे ‘ड्रग क्लास’ लिहिलंय आणि पुढे ‘मेटाबोलाइट धरून’ असं लिहिलंय, मेटाबोलाइट म्हणजे औषधापासून शरीरात तयार होणारा पदार्थ. औषधं मोजायची नाहीत, रिपोर्टच्या ओळी मोजायच्या नाहीत. वर्ग मोजायचे. १ ते ७ वर्ग असतील तर ०४८०, ८ ते १४ ला ०४८१, १५ ते २१ ला ०४८२, २२ किंवा जास्त असतील तर ०४८३.

फार्मसीवाल्यांची ही ठरलेली ठेच. तुमच्या डोक्यात मॉर्फिन वेगळं, कोडीन वेगळं, कारण परीक्षेत दोघांचे डोस वेगळे पाठ केलेले असतात. बिलिंगच्या दृष्टीने ती एका घरातली भावंडं. एका शिधापत्रिकेवर कितीही नावं असली तरी पत्रिका एकच, तसं समजा. आणि घरं कुठली, ते आपल्या मनाने ठरवायचं नाही. सीपीटीच्या (अमेरिकेतल्या वैद्यकीय कोडच्या) पुस्तकात वर्गांचा तक्ता आहे, कुठलं औषध कुठल्या वर्गात ते तिथे छापलंय. प्रिंट काढा, डेस्कला चिकटवा.

त्या एका रिपोर्टच्या ओळी इथे टाका. पेशंटचं नाव, जन्मतारीख, क्लेम नंबर, तारीख, क्लिनिक, यातलं काहीही नको. हिपा (पेशंटच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) नावाची चीज आहे आणि तुमच्या कंपनीने तुमची सही घेतलेली आहे. फक्त औषधांची नावं.

एफ११.२० बद्दल नंतर बोलतो. ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही. तोपर्यंत एकाही क्लेमला हात लावू नका.

---

रातपाळी_खराडी

काका (काकाच म्हणते, चालेल ना?), या त्या ओळी. ब्रेकमध्ये वहीत उतरवल्या होत्या, स्क्रीनचा फोटो काढलेला नाही.

कोडीन, मॉर्फिन, हायड्रोकोडोन, नॉरहायड्रोकोडोन, हायड्रोमॉर्फोन.
ऑक्सिकोडोन, नॉरऑक्सिकोडोन, ऑक्सिमॉर्फोन.
सिक्स-मॅम.
फेंटानिल, नॉरफेंटानिल.
ब्युप्रेनॉर्फिन, नॉरब्युप्रेनॉर्फिन.
मेथाडोन, ईडीडीपी.
ट्रामाडॉल, ओ-डेसमिथाइलट्रामाडॉल.
आणि मग अल्फा-हायड्रॉक्सीअल्प्राझोलॅम, सेव्हन-अमिनोक्लोनाझेपॅम, लोराझेपॅम, ऑक्झाझेपॅम, टेमाझेपॅम, नॉरडायझेपॅम.

लिहितालिहिताच मी ओळी पाडल्यात बघा! तक्ता उघडून लावला. पहिली पाच एका घरात, ओपिएट. ऑक्सिकोडोनचं घर वेगळं, हे मला पटत नव्हतं, पण तक्त्यात तसंच आहे. सिक्स-मॅम म्हणजे हेरॉइनचा मेटाबोलाइट, त्याचं वेगळं. फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, ट्रामाडॉल यांची एकेक. झाली सात. खालची सहाच्या सहा बेन्झोडायझेपाइन, एक घर. एकूण आठ.

आठ! म्हणजे ०४८१. शेड्यूलवर १५६.५९.

काका, साठच्या साठ क्लेमना ०४८३ लागलाय. क्लेममागे ९०.३३ डॉलर जास्त. मी हे बिलिंग केलेलं नाही, चार्ज एंट्री लॅबकडूनच तयार येते, पण माझ्या पोटात गोळा आलाय. आता अपील करायचं का? ०४८१ करून पाठवलं की सुटेल?

---

खडूस_कोडर

काका चालेल. घरी माझा मुलगा यापेक्षा वाईट बोलतो.

मोजणी बरोबर. पण ०४८१ वर थांबू नका. सीओ ५० हा मोजणीचा डिनायल नाही, गरजेचा आहे. मशीन एका धावेत तेवीस पदार्थ बघतं, कारण मशीनची पद्धतच तशी बसवलेली असते. डॉक्टरने त्यातलं काय मागितलं होतं, आणि या पेशंटला ते का लागत होतं, एवढंच मेडिकेअर विचारतं. डॉक्टरने तीन वर्ग मागितले आणि लॅबने मशीन चालू आहेच म्हणून आठ कळवले, तर बिल तिनाचं. म्हणजे ०४८०, ११४.४३.

त्यामुळे आता रिक्विझिशन काढा. ऑर्डरचा कागद. त्यात तीन गोष्टी बघा. एक, डॉक्टरची सही आहे का. दोन, खुणा हाताने एकेक केल्यात की आधीच छापून आल्यात. तीन, पाच वेगवेगळ्या पेशंटचे कागद शेजारी ठेवले तर फरक दिसतो का. त्यानंतर त्या दिवसाची क्लिनिक नोट. त्यात पेशंटची जोखीम लिहिलीय का, हे महत्त्वाचं. बऱ्याच एलसीडींमध्ये दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्यांसाठी असं आहे: कमी जोखमीच्या पेशंटला बारा महिन्यांत एक-दोनदा, मध्यम असेल तर सहा महिन्यांत एक-दोनदा, जास्त असेल तर तीन महिन्यांत एक ते तीनदा. नोटमध्ये जोखमीचा एक शब्द नाही आणि दर महिन्याला पूर्ण पॅनेल (तपासण्यांचा संच), तर तपासणारा सीओ ५० मारणार नाही तर काय करणार?

आता एफ११.२०.

झेड७९.८९१ म्हणजे पाठीचं, सांध्याचं दुखणं असलेला माणूस, डॉक्टरने दिलेली गोळी डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घेतोय. एफ११.२० म्हणजे त्याला ओपिऑइडचं व्यसन आहे. तुमच्या एका क्लिकने कुठल्यातरी गावातल्या एका आजोबांच्या नावावर व्यसनाचा शिक्का बसतो. पुढे ते दुसऱ्या पेन क्लिनिकमध्ये गेले आणि तिथल्या डॉक्टरने इतिहास बघून गोळी नाकारली, तर आजोबांना कधी कळणारही नाही की हे पुण्यात रात्री अडीच वाजता ठरलं. निदान डॉक्टर देतो. लॅब देत नाही, बिलिंग कंपनी तर नाहीच. शंका असेल तर लॅबने क्लिनिकला लेखी विचारायचं आणि क्लिनिकच्या नोटमध्ये असेल तेच लावायचं. पैसे मिळावेत म्हणून निदान बदलणं याला कायद्यात नाव आहे, फॉल्स क्लेम. ‘दहा करून बघ’ हे वाक्य तुमच्या टीएलने चॅटवर लिहिलं असेल तर देव त्यांचं भलं करो.

टीएलना सांगताना मन वगैरे काही बोलू नका. एवढंच म्हणा, “सर, डीएक्स बदलायला क्लिनिककडून लेखी पाहिजे. तुम्ही मेल टाकता का, मी टाकू?” बघा कशी गाडी वळते ते.

एक जुनी गोष्ट. सॅन दिएगोच्या मिलेनियम हेल्थ या लॅबने २०१५ मध्ये अमेरिकन सरकारशी २५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. आरोपांत गरज नसलेल्या लघवी तपासण्या होत्या, डॉक्टरांना फुकट वाटलेले टेस्ट कप होते, आणि प्रत्येक डॉक्टरचं एक ‘कस्टम प्रोफाइल’ होतं. पेशंट कोणीही येवो, त्या डॉक्टरचा ठरलेला पॅनेल चालायचा. म्हणून म्हणतो, पाच कागद शेजारी ठेवून बघा.

---

एडिसनची_बायोकेमिस्ट

काकांचं सगळं मान्य, पण लॅबवाल्यांच्या बाजूनेही थोडं बोलू द्या. मी न्यू जर्सीत अशाच मशीनवर काम करते. मूळची डोंबिवली.

पक्की तपासणी दरवेळी उगाच मागितलेली नसते. क्लिनिकमधल्या टेस्ट कपावरची ‘ओपिएट’ पट्टी मुळात मॉर्फिनसाठी बनलेली आहे. कोडीन पकडते, ऑक्सिकोडोन नीट पकडत नाही, आणि फेंटानिल, मेथाडोन, ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन तिला दिसतच नाहीत. मग ऑक्सिकोडोन नियमित घेणाऱ्या बाईंचा कप निगेटिव्ह येतो आणि डॉक्टरला वाटतं, गोळ्या विकताहेत की काय. मास स्पेकवर नॉरऑक्सिकोडोन दिसलं की बाई सुटल्या. हायड्रोकोडोन घेणाऱ्याच्या लघवीत हायड्रोमॉर्फोन दिसतं, तेही शरीरातच तयार झालेलं असतं, वेगळी गोळी घेतलेली नसते. मेटाबोलाइट बघितल्याशिवाय रिपोर्टचा अर्थच लागत नाही. म्हणून ओळी तेवीस होतात. पैशासाठी नव्हे.

आणि एक गंमत. ब्युप्रेनॉर्फिनचा आकडा आकाशाला भिडलेला, आणि नॉरब्युप्रेनॉर्फिन जवळजवळ शून्य. म्हणजे काय? औषध शरीरातून आलेलं नाही, औषधाची पट्टी थेट लघवीत बुडवलीय. असे नमुने मी माझ्या हाताने चालवलेत.

खसखशीचं पण सांगते, कारण आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका मराठी गृहस्थांचा कप ओपिएट पॉझिटिव्ह आला. गृहस्थ रडकुंडीला. पक्क्या तपासणीत मॉर्फिन, थोडंसं कोडीन, सिक्स-मॅम नाही. नर्सने विचारलं, काय खाल्लं? अनारसे. किती? डबाभर, सासूबाईंनी पाठवलेले, खसखशीवर थापलेले. सिक्स-मॅम नाही म्हणून हेरॉइन नक्कीच नव्हतं असं म्हणता येत नाही, ते काही तासांतच निघून जातं. पण डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तपासणी केली, ती स्वच्छ. नोकरीच्या सरकारी तपासण्यांमध्ये ओपिएटची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली त्यामागे हीच खसखस होती. दवाखान्यांतले कप मात्र अजूनही बरेचसे ३०० चे.

बिलापुरतं: ओपिएट एक वर्ग, हेरॉइन मेटाबोलाइट एक वर्ग. दोन. जी०४८०. अनारशांचा वेगळा कोड नाही.

---

नवा_सीपीसी

मध्येच विचारतो, राग मानू नका. क्लिनिकमध्येच कप वाचला तर ८०३०५ ना? आमचा क्लेम सीओ १६ ने (माहिती अपुरी) परत येतोय, एमए १२० सोबत.

---

खडूस_कोडर

हो, डोळ्यांनी वाचलेला कप ८०३०५, शेड्यूलवर १२.६०. एमए १२० म्हणजे क्लिया नंबरची (लॅबच्या सरकारी सर्टिफिकेटच्या नंबरची) भानगड. पेपर क्लेमवर तो चौकट २३ मध्ये. क्लिनिककडे वेव्हर सर्टिफिकेट (फक्त सोप्या तपासण्यांचं) असेल तर कोडला क्यूडब्ल्यू मॉडिफायर लावा. आणि लघवीत पाणी मिसळलंय का हे बघायची क्रिएटिनिन, पीएच ही तपासणी वेगळी बिल करू नका, ती कोडच्या आतच धरलेली आहे. पुढचा प्रश्न वेगळ्या धाग्यावर.

---

रातपाळी_खराडी

आठ दिवसांनी येतेय, माफ करा. मध्ये दोन रात्री आजारी होते.

टीएलला तेच वाक्य बोलले. शब्दशः. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, मेल तू नको टाकू, मी बघतो. एफ११.२० चा विषय त्यानंतर निघालेला नाही. दहा क्लेम ‘करून बघायचे’ होते तेही तसेच पडून आहेत.

मग मी काकांनी सांगितलं ते केलं. पाच रिक्विझिशन उघडल्या, दोन मॉनिटरवर शेजारी शेजारी लावल्या. काका, पाचही कागदांवरच्या खुणा एकाच जागी आहेत. म्हणजे नुसत्या त्याच चौकटीत नव्हे, चौकटीच्या बाहेर जिथे शेपूट जातं तेही पाचही ठिकाणी सारखंच! कोणीतरी एकदा हाताने भरलेला कागद झेरॉक्स करून ठेवलाय आणि वर फक्त पेशंटचं लेबल चिकटवतात. सही खरी वाटते, शाई वेगळी आहे. क्लिनिक नोट तिघांचीच मिळाली. एकीत लिहिलंय, “यूडीएस टुडे”, म्हणजे आज लघवीची औषध-तपासणी. संपलं. जोखीम नाही, कारण नाही, मागच्या रिपोर्टचा उल्लेख नाही.

पण मोजणीचं कोडं सुटलं. क्लायंटच्या कोडिंगवाल्या बाई कॉलवर होत्या, त्यांना विचारलं की ०४८३ कोण लावतं? म्हणाल्या, कोणी नाही, सिस्टिम लावते. लॅबचं सॉफ्टवेअर बिलिंग सॉफ्टवेअरला निकालांचा आकडा पाठवतं आणि त्या आकड्यावरून कोड पडतो. आकडा कशाचा? ओळींचा. इंटरफेस बसवणाऱ्याने माझ्यासारखंच बोटाने मोजलं होतं. बाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ओह.” मी एवढी वर्षं अमेरिकन लोकांशी बोलतेय, पण असं ‘ओह’ पहिल्यांदा ऐकलं.

साठ क्लेमपैकी सत्तेचाळीस मोजून झालेत. बहुतेक आठ वर्ग, काहींत सात. पण कागद झेरॉक्सचे असतील तर आठ तरी कुठल्या तोंडाने मागायचे, हा प्रश्न आहेच. अपीलला १२० दिवस आहेत, त्यातले वीस-बावीस गेले.

---

खडूस_कोडर

छान काम केलंत. शेपूट बघणारा माणूस ऑडिटमध्ये लागतो, एआरमध्ये वाया जातोय.

अपील ज्याचा कागद धड आहे त्याचंच करा. झेरॉक्सवाल्यांचं अपील केलंत तर तो झेरॉक्स तुम्हीच आपल्या हाताने तपासणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवाल. आता नवीन नोट लिहून जुनी तारीख टाकू, असं कोणी म्हणालं तर त्या कॉलमधून उठा.

पण या साठची मला तेवढी काळजी नाही. ते डिनाय झालेत, त्यांचे पैसे आलेलेच नाहीत. इंटरफेस कधीपासून असा मोजतोय? त्याआधीचे ०४८३ पास झाले असतील ना? ते पैसे लॅबच्या खात्यात आहेत. जास्त घेतलेले पैसे लक्षात आले की ६० दिवसांत मेडिकेअरला कळवून परत करायचे, असा नियम आहे, आणि मागे सहा वर्षांपर्यंत बघायचं असतं. त्या बाईंचं ‘ओह’ त्याच हिशेबाचं होतं.

हे तुम्ही सोडवायचं नाही. तुमच्या कंपनीत कंप्लायन्सचा (नियमपालन विभागाचा) मेल आयडी असेल. त्यावर चार ओळी: काय दिसलं, कधी दिसलं, किती क्लेम. मत नको, विशेषणं नकोत. टीएलला सीसीत ठेवा, नाहीतर पाठीमागून गेलात असं होईल.

---

रातपाळी_खराडी

टाकला मेल. चार नाही, सहा ओळी झाल्या, पण विशेषण एकही नाही. ‘शेपूट’ इंग्रजीत कसं लिहायचं ते सुचेना, शेवटी “आयडेंटिकल पेन मार्क्स” लिहिलं.

क्लायंटने इंटरफेस बंद केलाय, तूर्त वर्ग हाताने मोजून येतात आणि आमच्याकडे दोघीजणी ते पुन्हा तपासतो. डेस्कवर तक्ता चिकटवलाय. टीएल आता मला ‘वर्गशिक्षिका’ म्हणतो. म्हणू दे. मागच्या पास झालेल्या क्लेमची यादी त्यांनी मागवलीय, आमच्या रिपोर्टमधून निघाली ती अकराशेच्या वर. पुढे काय झालं ते आम्हाला कोण सांगणार.

काका, एकच शेवटचं. आज एका रिपोर्टवर अडले. पेशंट ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या पट्टीवर आहे. सात वर्ग मोजून झाले आणि खाली एक सुटी ओळ, नॅलोक्सोन. मला वाटलं ब्युप्रेनॉर्फिनच्याच घरात जाईल, एकाच पट्टीत असतात म्हणून. तक्त्यात बघते तर ते ‘ओपिऑइड आणि ओपिएट ॲनालॉग’मध्ये. म्हणजे आठवा वर्ग, म्हणजे ०४८० चं ०४८१. बेचाळीस डॉलरचा फरक. मोजू का?

---

खडूस_कोडर

४२.१६. ऑर्डरवर नॅलोक्सोनला टिक आहे?

---

रातपाळी_खराडी

थांबा, बघते.

नाही. या वेळी कागद हाताने भरलेला आहे, झेरॉक्स नाही. सात टिका आहेत, नॅलोक्सोनची चौकट कोरी.

---

खडूस_कोडर

मग ०४८०.